डोंगरात न उगवलेला पाला

मार्च लागला की लोकांना आंब्याच्या मोहोराचा वास येतो, मला फॉर्मालिनचा. नोकरी सुटून इतकी वर्षं झाली, तरी उन्हं जरा तापली की नाकाच्या शेंड्यावर ते झोंबरं पाणी येऊन बसतं. परवा सकाळी गॅलरीत बसलो होतो. शेजारची मुलगी वही डोळ्यांसमोर धरून येरझारा घालत घोकत होती, ‘न्यूरल प्लेट, न्यूरल ग्रूव्ह, न्यूरल ट्यूब.’ तीच तीन नावं, तीच चाल. तीस वर्षं मी ती चाल पोरांच्या गळी उतरवली. माझा चहा निवून गेला. आमची ही आतूनच म्हणाली, त्या पोरीला काही समजावून सांगायला उठू नका. मी म्हटलं, नाही उठत. आणि खरंच उठलो नाही. माझा थकवा पायांत नसतो, जिभेत असतो.

जिभेचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी फसवलं म्हणायला नको. मी सांगलीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो आणि मला कुठलीही गोष्ट जशीच्या तशी सांगता यायची नाही. त्याला खोटं म्हणू नका. सत्य जात्याच हाडकुळं असतं. मी त्याला पोटभर जेवू घालायचो, एवढंच. कृष्णेच्या काठावर मी पाहिलेली मगर पहिल्यांदा सांगितली तेव्हा सहा फुटी होती. वर्षअखेरीला तिच्या पाठीवर एक एस.टी. सहज उभी राहिली असती, प्रवाशांसकट. आमच्या हिचं गणित होतं: ह्यांचं बोलणं आधी निम्मं करायचं, उरलेलं उन्हात वाळत घालायचं आणि संध्याकाळी जे शिल्लक राहील तेवढं घरात घ्यायचं.

ती गोष्ट नव्वदीच्या उत्तरार्धातली. प्रात्यक्षिक परीक्षांचा हंगाम. आमच्या विषयात तो अंड्यांचा हंगाम असतो. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी उबवलेलं अंडं फोडायचं, कोमट मिठाच्या पाण्यात बलक अलगद सोडायचा, त्यावरचा नखाएवढा गर्भ कात्रीनं सोडवून काचेच्या बशीत घ्यायचा. अंडं दोन दिवसांचं असेल तर त्यात लाल ठिपका हलताना दिसतो. ते काळीज. पहिलवानकी करणारी पोरं तो ठिपका बघून घामाघूम झालेली मी पाहिली आहेत. आमची उबवणीपेटी म्हणजे लाकडी खोकं, आत दोन बल्ब आणि कुपवाडच्या एका वर्कशॉपवाल्यानं बसवून दिलेलं तापमानाचं यंत्र. ते यंत्र लहरी होतं. एके वर्षी अंड्यांच्या आधी पेटीतली झुरळं उबली आणि एका झुरळाच्या चेहऱ्यावर मला पितृभाव दिसला, असं मी वर्गात शपथेवर सांगत असे.

त्या अंड्यात जे घडतं त्यानं मात्र मी खरोखर वेडावलो होतो. इथं मी काही वाढवत नाही. मेंदू आधी मेंदू नसतोच. असते एक पातळ पट्टी, भाकरीच्या पापुद्र्यापेक्षाही पातळ. तिच्या कडा उचलतात, एकमेकींकडे झुकतात आणि करंजीची कड जुळावी तशा जुळतात. पट्टीची नळी होते आणि नळीचं एक टोक फुगून मेंदू व्हायला लागतं. कोंबडी असो, शेळी असो, माणूस असो, सुरुवात सगळ्यांची हीच. पण कुठल्या पेशीनं काय व्हायचं हे त्या पेशीला ठाऊक नसतं. तिला निरोप यावा लागतो. खालून, वरून, पुढून शेजारच्या पेशी प्रथिनं पाझरत असतात आणि ती प्रथिनं हेच निरोप. खालून येणाऱ्या एका प्रथिनाचं नाव हेजहॉग. ते बिघडलं की माशीच्या अळीच्या अंगभर काटे उगवतात, म्हणून एका काटेरी प्राण्याचं नाव त्याला दिलेलं. झऱ्याजवळच्या पेशीला ते भरपूर मिळतं, ती एक होते. लांबच्या पेशीला थेंबभर मिळतं, ती दुसरीच काही होते. निरोप एकच. किती पोचला आणि केव्हा पोचला, त्यावर सगळं.

डोळ्यांचं तर अजबच आहे. डोळे व्हायची जागा सुरुवातीला एकच असते, मधोमध. खालून निरोप येतो की इथं मधे डोळा नको, मग ती जागा दुभंगते, एक भाग डावीकडे, एक उजवीकडे. आपण सगळेच काही दिवस एका डोळ्याच्या बेतात होतो. हे तेव्हा अगदी ताजं संशोधन होतं, आमच्या क्रमिक पुस्तकात त्याचा पत्ताही नव्हता. मी पुण्याच्या एका ग्रंथालयात उभ्याउभ्या, पंख्याखाली, परदेशी मासिकात ते वाचलं होतं. निम्मं कळलं. उरलेलं निम्मं मी परतीच्या एस.टी.त स्वतःच तयार केलं.

त्या मार्चात मला फलटणच्या एका कॉलेजात बाहेरचा परीक्षक म्हणून पाठवलं. बाहेरचा परीक्षक म्हणजे तीन दिवसांचा जावई. तो बसेल ती खुर्ची पुसतात, तो सांगेल त्या विनोदाला हसतात. तिथल्या प्रयोगशाळेचे परिचर होते ज्ञानूमामा. जवळच्याच खेड्यातले, घरी थोडा ऊस, दारात शेळ्या, मुलगा फौजेत. पोरांना बेडकाच्या नसा शोधून देण्यात त्यांचा हात आम्हा प्राध्यापकांपेक्षा हलका होता. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटची तुकडी बाहेर पडल्यावर ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "सर, जरा मागल्या व्हरांड्यात या. एक चीज दावतो."

व्हरांड्यात घमेलं होतं. घमेल्यावर ओलं पोतं. मामांनी पोतं उचललं आणि मी, म्हणजे ज्यानं मगरीच्या पाठीवर एस.टी. उभी केली तो मी, गप्प झालो.

करडू होतं. काळंपांढरं, पूर्ण वाढलेलं, मऊ खुरांचं. कपाळाच्या मधोमध एकच डोळा, मोठा, ओलसर, उघडा. नाकाच्या जागी काही नाही; डोळ्याच्या वर बोटभर सोंडेसारखं मांस. मासिकातलं चित्र घमेल्यात येऊन पडलं होतं. सकाळी जन्मलं आणि घटकाभरात गेलं, असं मामा म्हणाले. घरची म्हातारी म्हणत होती, गाडून टाक, दारात अपशकुन नको. "म्या म्हणलं, थांब. सरास्नी लागंल," मामा म्हणाले. त्यांच्या त्या एका वाक्यात नोकरीचा सगळा जीव होता.

मग जे व्हायचं ते झालं. तिथल्या प्राध्यापक बाई, चार-पाच विद्यार्थी, मामा, सगळे घमेल्याभोवती जमले आणि माझ्या तोंडाला पाझर फुटला. पट्टी सांगितली, करंजी सांगितली, निरोप सांगितला. आणि शेवटी तो मासिकातला किस्सा काढला: परदेशात एका डोंगरावर मेंढ्यांना अशीच एका डोळ्याची कोकरं व्हायला लागली. मेंढपाळ हैराण. वर्षानुवर्षं शोध घेतला तेव्हा कळलं, की गाभण मेंढ्या तिथली एक रानवनस्पती खातात. गाभण राहिल्यावर चौदाव्या दिवसाच्या सुमाराला ती पोटात गेली, की तिच्यातलं विष नेमका तोच निरोप अडवतं. इथपर्यंत शब्द न् शब्द खरा.

पण परदेशातला डोंगर फार लांब वाटला मला. ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं, भीती नव्हती. आणि भीतीशिवाय गोष्ट म्हणजे मिठाशिवाय पिठलं. म्हणून मी ती वनस्पती उचलली आणि महाबळेश्वराच्या डोंगरात लावली. म्हणालो, लांब कशाला जायचं, आपल्याकडेही आहे. हिरवागार पाला. ओढ्याच्या पाण्याबरोबर बी खाली येतं, उसात उगवतं, मळ्यात उगवतं, कुठल्या भाजीच्या जुडीत शिरेल सांगता येत नाही. एका मुलीनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. मामा नुसतं "लय वंगाळ" म्हणाले. मी तृप्त झालो. मामांना सांगितलं, करडू फॉर्मालिनमध्ये नीट मुरू दे, मग सांगलीला आणून द्या, आमच्या संग्रहात ठेवू. आणि तिसऱ्या दिवशी गुणपत्रकांवर सह्या करून घरी आलो.

एप्रिल म्हणजे उत्तरपत्रिका. गठ्ठे, लाल शाई, माठातलं पाणी. सांगलीचं ऊन असं, की दुपारी सावल्यासुद्धा झाडांच्या पोटाखाली घुसून बसत. अशा एका दुपारी ज्ञानूमामा दारात. धोतरात गुंडाळलेली काचेची बरणी छातीशी. फलटण ते सातारा, सातारा ते सांगली, दोन्ही गाड्यांत ती मांडीवर घेऊन आलेले. कंडक्टरनं विचारलं तर लोणचं म्हणून सांगितलं, आणि शेजारच्या बाईनं कसलं म्हणून विचारल्यावर वाटभर डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. आम्ही पोट धरून हसलो. हिनं त्यांना जेवायला वाढलं. ताटात चाकवताचा गरगट्टा होता. मामांनी तो वाटीसकट बाजूला सारला.

"आवं, तुमच्याच घरात पाला?" ते म्हणाले.

मग हळूहळू निघालं. मामांची सून सुरेखा पोटुशी होती. चौथा महिना. माझं व्याख्यान मामांनी त्याच दिवशी घरी नेलं होतं आणि त्या दिवसापासून घरात जुडी आली नव्हती. मामांनी ते पत्रात घालून मुलाला, हणमंताला, आसामात कळवलं. त्यानं ते बराकीत सांगितलं. तिथं कुणी म्हणालं, कोथिंबीरही नको. कुणी म्हणालं, हिरवी मिरची नको, वाटाणा नको. हणमंताचं उलट टपाली पत्र आलं: हिरवं म्हणून काही तिच्या तोंडाला लावू नका. सुरेखा भात आणि चहावर होती. नर्सबाई रक्तवाढीच्या लाल गोळ्या देऊन गेली होती, पण त्या कशापासून करतात कुणाला ठाऊक, म्हणून तशाच डबीत. पापण्या उलट्या करून बघितल्या तर पांढऱ्याफटक, असं नर्सबाई म्हणाली होती.

त्या करंजीची कड नीट जुळायला अन्नातलं जे लागतं, ते फॉलिक ॲसिड पालेभाजीत भरपूर असतं. माझी गोष्ट नेमकी त्याच ताटावर जाऊन पडली होती. चौथ्या महिन्यात ते जुळणं केव्हाच होऊन गेलेलं असतं, हे मला माहीत होतं. मार्चात मी बोललो तेव्हाही होऊन गेलेलं होतं. मी बोटांवर आठवडे मोजले, पुन्हा मोजले. रक्ताचं मात्र काही होऊन गेलेलं नव्हतं. पांढऱ्या पापण्यांची बाई बाळंतपणात जाते, यात वाढवून सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

त्या दिवशी मला एक कळलं, ते कुठल्याच मासिकात नव्हतं. प्रथिनाचं बरं असतं. ते जसं लांब जाईल तसं पातळ होत जातं. बोलणं जसं लांब जाईल तसं दाट होत जातं. माझ्या तोंडून निघालं तेव्हा एक झुडूप होतं. आसामातून परत आलं तेव्हा त्यानं सगळं शिवार झाकलं होतं.

हिनं मामांची वाटी उचलली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मगरीनं कुणाचं जेवण बंद केलं नव्हतं. उद्या पहिल्या गाडीनं जाऊन या."

सकाळी मामांबरोबर निघालो. साताऱ्याच्या स्टँडवर गाडी बदलली. त्या सगळ्या प्रवासात मी एकही किस्सा सांगितला नाही. मामांनी दोनदा विचारलं, सर, बरं वाटत न्हाई का. खिडकीबाहेर ऊस संपत आलेली रानं, पाचट जाळल्याचा धूर, बैलगाड्यांच्या रांगा. कडेला कुठंतरी हिरवं दिसलं की मी डोळे फिरवत होतो.

सुरेखा ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. चेहरा आंबलेल्या ताकाच्या रंगाचा. विशीबाविशीची असेल. पलीकडे सासू, म्हणजे गाडून टाक म्हणणारी म्हातारी, शेळीला पाणी दाखवत होती. मी पाणीसुद्धा न पिता सुरुवात केली. सांगितलं, की पालेभाजी खा, सगळी खा, गोळ्या घे, त्या झुडपाचं मनावर घेऊ नकोस. सुरेखानं सूप खाली ठेवलं.

"सर, तवा खोटं बोललासा, का आता बोलतायसा?"

तीस वर्षांच्या नोकरीत इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नाही. मी सुटकेच्या चार वाटा मनात आखल्या. चारही मगरीच्या पाठीवरून जात होत्या.

"तेव्हा," मी म्हणालो.

मामा माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. शेळीकडे बघितलं. ज्या माणसानं अपशकुन घमेल्यात घालून, सरांना लागेल म्हणून, सायकलवरून आणला होता, त्याच्यासमोर मी सांगितलं, की ते झुडूप महाबळेश्वरात उगवत नाही, मीच बोलताना तिथं लावलं. तुमच्या शेळीचं काय चुकलं ते मला माहीत नाही. कधी कधी कशानंच नाही, आपलं आपणच चुकतं.

"मग माझं बी आपलं आपण चुकंल," सुरेखा म्हणाली.

मी सांगितलं, डोळ्यांचं काम पहिल्या महिन्याभरातच उरकतं. तुझ्या बाळाचं उरकलेलं आहे. तू पाला सोडलास त्याच्या आधीच. त्याच्यावर आता तुझा इलाज नाही, माझाही नाही. साताऱ्याला डॉक्टर मशीनवर बघतात, तिथं घेऊन जातो. तिनं मान हलवली. तिथं काही वेडंवाकडं कळलं तर ते पोटात घेऊन ती पुढले पाच महिने काय करणार होती, असं तिनं विचारलं. मी सांगितलं, रक्ताचं तरी तुझ्या हातात आहे.

तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "लिवून द्या. ह्यांस्नी धाडते. माझं ऐकायचं न्हाईत."

पिशवीत परीक्षकाचे कोरे तक्ते होते. एकाच्या पाठीमागे लिहायला बसलो. गडी हो, शपथेवर सांगतो, आयुष्यात इतकं अवघड काही लिहिलं नाही. प्रत्येक वाक्याला शेपूट फुटू बघत होतं आणि मी ते कापत होतो. शेवटी उरलं ते असं: ‘सर्व पालेभाज्या खाव्यात. नर्सबाईंच्या गोळ्या घ्याव्यात. मी सांगितलेली झुडपाची गोष्ट आपल्या भागापुरती खोटी आहे.’ खाली सही, हुद्दा, तारीख. सुरेखानं कागद दोनदा वाचला.

"तीन वळीत बसलं की," ती म्हणाली. "तवा म्हणं घंटाभर लागला हुता."

मामा पहिल्यांदा हसले, थोडंसं, शेळीकडेच बघत. म्हातारी उठून मळ्याकडे गेली, चाकवताची जुडी घेऊन आली. शिजवलं, घोटलं, लसणाची फोडणी दिली. ताट माझ्यापुढे आलं, एकट्यापुढे. "आदी तुमी," सुरेखा म्हणाली. सासूनं पदर खोचला आणि समोर बसून म्हणाली, "जेव बाबा. मरतूस का बघू." मी दुपारी एक वाजता, तिघांच्या नजरेखाली, दोन भाकरी आणि वाडगाभर गरगट्टा खाल्ला. घास मोठा होता म्हणून डोळ्यांत पाणी आलं, असं मी घरी सांगितलं. हिनं ते निम्मं केलं आणि वाळत घातलं.

पुढचे महिने मी कसे काढले ते धड आठवत नाही. बरणी आमच्या संग्रहाच्या मधल्या फळीवर ठेवली होती. येताजाता तो एक डोळा माझ्याकडे बघायचा, आणि त्याच्यापुढे मला काही वाढवून सांगता यायचं नाही. चिठ्ठीवर मी लिहिलं, ‘शेळीचे करडू, एकनेत्री. कारण: माहीत नाही.’ जूनमध्ये नवे वर्ग भरले. मुलं म्हणाली, सर, मगर सांगा. मी म्हटलं, पाच फुटी होती. ती हिरमुसली.

भाद्रपदात, गणपती बसल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी, पोस्टकार्ड आलं. मामांचं ठसठशीत अक्षर. ‘मुलगी झाली. बाळंतीण बरी आहे. वजन कमी आहे, पण रडणं मोठं आहे. डोळे दोन. म्हातारीने दिव्यापुढे धरून मोजून घेतले.’ मी ते कार्ड हातात घेऊन जिन्याच्या पायरीवर बसलो. कुणालाच सांगावंसं वाटलं नाही. सांगायचं म्हटलं तर त्यात घालण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

त्यानंतर कित्येक वर्षांनी मामा साताऱ्याच्या स्टँडवर भेटले. दोघेही निवृत्त, दोघांच्याही हातात औषधाच्या पिशव्या. बाकावर बसून चहा घेतला. त्यांनी नातीचं सांगितलं, शिरवळला कंपनीत लागली, चष्मा लागलाय. मग म्हणाले, तो तुमचा कागद आसामला गेला आणि परत आला, तो सुरेखानं अजून ठेवलाय. गल्लीतल्या कुठल्याही पोरीला दिवस गेले की कागद तिच्या घरी जातो. घडीवर फाटलाय, अक्षर लागत नाही, पण जातो.

"आता आमच्यात म्हणत्यात," मामा चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "चाकवत खाल्ला की लेकराचं डोळं टपोरं हुत्यात. शेजारच्या गावात तर हरणावाणी म्हणत्यात. सरांनी सहीनिशी लिवून दिलंय म्हणं."

मी तोंड उघडलं. चाकवताचा आणि डोळ्यांच्या आकाराचा काही संबंध नाही, हे एका ओळीत सांगता आलं असतं. ती ओळ मामांबरोबर फलटणच्या गाडीत बसली असती, घरी गेली असती, तिथून गल्लीत, तिथून कुणाच्या तरी पत्रातून पार सरहद्दीवर. येताना काय होऊन आली असती देव जाणे. फलटणची गाडी लागली. मामा गुडघ्यावर हात देऊन उठले आणि पायरीवर वळून, डोळे बारीक करून म्हणाले, "खरं हाय का वं सर ते?"

"खाऊ देत, मामा," मी म्हणालो.